टाच, पोटरी, कंबर दुखते? आधी पायातली चप्पल उलटी करून बघा

फजरची अजान झाली की अम्मी उठते, पलंगावरून पाय खाली ठेवते आणि पहिल्याच पावलाला "या अल्लाह" म्हणत भिंत धरते. टाचेत कुणी खिळा ठोकावा तशी कळ. लंगडत बाथरूमपर्यंत जाते, वुजू करते, आणि दहा-वीस पावलं झाली की दुखणं आपोआप कमी होतं. मग दिवसभर ओट्यापाशी उभं राहणं, धुणी, पाहुणे. दुपारी जरा आडवी होऊन उठली की पुन्हा तीच कळ. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वय झालं बेटा, आता हे असंच चालायचं."

आमच्या घरात हे दीड वर्ष चाललं. मालिश झाली, बाम झाले, रुईची पानं तव्यावर गरम करून शेक झाला, पेनकिलर तर मोजायलाच नको. एवढ्या काळात एकाही माणसाने, माझ्यासकट, तिच्या पायातली चप्पल हातात घेऊन बघितली नाही. बघितली तेव्हा टाचेकडची बाजू कागदासारखी पातळ झालेली होती. आणि ती चप्पलसुद्धा फक्त बाहेर जाताना. घरात ती अनवाणी, टाइल्सवर, सकाळपासून रात्रीपर्यंत.

बाजारात आता 'ऑर्थो', 'डॉक्टर', 'सॉफ्ट', 'मेमरी फोम' अशा नावांच्या चपला ढिगाने मिळतात. काही खरोखर कामाच्या आहेत, काहींत फक्त नाव आहे. पैसे घालवण्याआधी दुखणं कसं होतं आणि चप्पल त्यात नेमकं काय करू शकते, हे समजून घेतलेलं बरं.

दुखतं ते हाड नव्हे, पट्टा

आपल्या एका पायात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. तळव्याला जी कमान असते तिला खालून ताणून धरणारा एक जाड, चिवट पट्टा आहे. टाचेच्या हाडापासून सुरू होऊन तो बोटांच्या मुळापर्यंत जातो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. कमान म्हणजे धनुष्य धरलं तर हा पट्टा त्याची दोरी. प्रत्येक पावलाला ही दोरी ताणली जाते. ताण वर्षानुवर्षं प्रमाणाबाहेर गेला की टाचेपाशी, जिथे पट्टा हाडाला चिकटलेला असतो तिथे, तो झिजतो आणि दुखायला लागतो.

रात्री झोपेत पाऊल सैल पडतं, पट्टा आखडतो. सकाळी त्याच्यावर एकदम सगळं वजन आलं की ती खिळ्यासारखी कळ येते. थोडं चाललं की पट्टा सैलावतो आणि बरं वाटतं. म्हणून 'पहिलं पाऊल दुखतं, मग कमी होतं, दिवसाच्या शेवटी पुन्हा दुखतं' ही या आजाराची ओळख. चाळिशी ते साठीच्या दरम्यान तो जास्त दिसतो. वजन जास्त असणं, तासन्‌तास कडक जमिनीवर उभं राहणं, पोटऱ्या आखडलेल्या असणं, पाऊल अगदी सपाट किंवा फार कमानदार असणं, आणि सवय नसताना अचानक खूप चालणं, ही त्याची नेहमीची कारणं.

एक्स-रे काढला की बऱ्याचदा कळतं, "टाचेचं हाड वाढलंय." हे ऐकून माणूस घाबरतो, ऑपरेशनची भाषा सुरू होते. पण हाडाचा तो छोटा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसतो. दुखणं काट्याचं नसून बहुतेक वेळा पट्ट्याचं असतं. काटा तसाच राहतो आणि दुखणं जातं, असंच जास्त करून होतं. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं. नीट काळजी घेतली तर बहुतेकांना वर्षभराच्या आत आराम पडतो. वर्षभर हा काळ मोठा वाटेल, पण हे दुखणं हळूच जाणारं आहे, हे आधीच माहीत असलं की माणूस दर आठवड्याला डॉक्टर बदलत नाही.

आपली घरं, आपल्या सवयी

घरात चप्पल घालायची नाही, ही आपल्याकडची पक्की रीत. जिथे नमाज होते ती जागा पाक राहावी म्हणून. रीत चांगलीच आहे. फक्त ती जेव्हा पडली तेव्हा जमीन मातीची किंवा शेणाने सारवलेली होती, फार तर शहाबादी फरशी. आता कोकणातल्या वाडीपासून मुंब्र्याच्या फ्लॅटपर्यंत सगळीकडे चकचकीत टाइल्स. त्यावर आठ-दहा तास अनवाणी उभं राहणारी व्यक्ती घरात एकच असते आणि टाचदुखीही बहुधा तिलाच असते. रमजानमध्ये तर असर ते मगरिब ती ओट्यावरून हलत नाही, आणि मग रात्री तरावीह.

दुसरं ठिकाण कारखाना. मालेगाव, भिवंडीत यंत्रमागावर काम करणारा माणूस बारा-बारा तास सिमेंटच्या कोब्यावर मागांच्या मधल्या गल्लीतून फिरत असतो. पायात झिजलेली हवाई चप्पल किंवा तीही नाही. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते. त्याला कुणी 'ऑर्थो' चप्पल सांगत नाही. खरं तर सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे. दुकानात दिवसभर उभा असणारा सेल्समन, वॉर्डात धावणारी नर्स, शाळेत शिकवणारी बाजी, सगळ्यांचं गणित तेच.

आणि तिसरी गोष्ट सांगितली तर हसाल, पण ती खरी आहे. मशिदीबाहेरून चप्पल जाते. म्हणून आपण मशिदीला जाताना मुद्दाम सगळ्यात जुनी, झिजलेली चप्पल घालतो. गेली तर गेली. दिवसातून पाच वेळा जाऊन येणाऱ्या बुजुर्गाचं निम्मं चालणं त्याच चपलेवर होतं. चांगली चप्पल कपाटात राहते, शादीसाठी. अब्बांसाठी एक कापडी पिशवी शिवून द्या. चांगली चप्पल पिशवीत, पिशवी आत आपल्याजवळ. एवढंच करायचं आहे.

चप्पल नेमकं करते काय?

चांगली चप्पल तीन कामं करते. एक, टाचेच्या एका बिंदूवर येणारं वजन सगळ्या तळव्यावर पसरवते. दोन, टाच पुढच्या भागापेक्षा किंचित वर ठेवते, बोटाभर म्हणा. त्यामुळे पोटरीची ओढ कमी होते आणि तळव्याच्या पट्ट्यावरचा ताणही कमी होतो. तीन, टाच जागेवर धरून ठेवते, पाऊल आत-बाहेर कलंडू देत नाही.

हवाई चप्पल यातलं एकही काम नीट करत नाही. वर ती पायात राहावी म्हणून प्रत्येक पावलाला बोटं आवळावी लागतात. हजार पावलं म्हणजे हजार वेळा बोटं आवळणं. आंघोळीला, अंगणात जायला ठीक. दिवसभरासाठी नाही. आपली कोल्हापुरी दिसायला देखणी. २०१९ मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं, याचा अभिमान आहेच. पण तिचा तळ सपाट आणि कडक चामड्याचा. ज्याची टाच दुखते त्याने ती थोड्या वेळासाठी घालावी, रोजच्या चालण्याला नको.

आता मऊपणाबद्दल. बहुतेक लोक इथेच फसतात. दुकानात अंगठ्याने दाबून बघतात, बोट आत रुतलं की "वा, किती नरम!" म्हणून घेतात. पण बोटाने दाबणं वेगळं आणि सत्तर किलो वजन वेगळं. फार मऊ फोम वजनाखाली पूर्ण बसतो आणि मग पाय परत जमिनीवरच. शिवाय पाऊल त्यात डगमगतं, तोल सांभाळायला पोटऱ्या जास्त राबतात. मऊपणा वरच्या थरात हवा. खालचा तळ घट्ट हवा.

दुकानात एक छोटी तपासणी करा, दुकानदार काय म्हणेल याची फिकीर न करता. चप्पल किंवा बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. बोटं जिथे वाकतात तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर परत ठेवा. मग ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा, सहज पिळला गेला तर त्यात आधार नाही. बूट असेल तर टाचेमागची भिंत दाबा, ती लगेच आत जाता कामा नये. चपलेला मागे पट्टा असेल तर उत्तम. आणि ही खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. दोन्ही पाय मोजून घ्या, मोठ्या पायाचं माप धरा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. "वापरून सैल होईल" या शब्दावर चप्पल घेऊ नका. पहिल्या दिवशी चावते ती आपल्या मापाची नाही.

'डॉक्टर चप्पल' आली कुठून

चप्पल-बुटांच्या दुकानात एमसीआर चप्पल मागितली तर मिळते. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. त्यात सुईच्या टोकाएवढे असंख्य बंद हवेचे कप्पे असतात. रबर असल्यामुळे ते दाबलं जातं आणि परत वर येतं, साध्या फोमसारखं महिन्याभरात बसत नाही.

याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड नावाचे सर्जन कुष्ठरोग्यांवर काम करत होते. या रुग्णांच्या पायांना संवेदना नसते. कडक चपलेने किंवा अनवाणी चालण्याने तळव्यावर एकाच जागी दाब येत राहतो, जखम होते, रुग्णाला कळतही नाही, आणि शेवटी पाय गमवावा लागतो. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाब पसरवणारं पायताण शोधायला सुरुवात केली आणि त्यातून मायक्रोसेल्युलर रबराच्या तळाच्या सँडल पुढे आल्या. रबर किती मऊ हवं हेही ठरलं. फार मऊ नको, फार कडक नको, मोजमापात सुमारे १५ शोअर. त्याखाली टणक तळ. आज मधुमेहाच्या रुग्णाला जी चप्पल सांगितली जाते ती याच सँडलची नात म्हणा. महागड्या परदेशी बुटांच्या मानाने ती स्वस्त आहे, दिसायला साधी आहे. त्या साधेपणामुळेच घरातली तरुण मंडळी नाक मुरडतात.

बाकी दोन नावं दुकानात ऐकू येतात. ईव्हीए हलका असतो, धक्का चांगला सोसतो, पण काही महिन्यांत दबतो. पीयू जास्त टिकाऊ. मात्र पीयूचा एक दोष कुणी सांगत नाही. हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजतो, आणि न वापरता ठेवला तर जास्तच. कोकणात हा अनुभव घरोघरी आहे. दुबईहून मामूंनी आणलेला बूट दोन-तीन वर्षं डब्यात जपून ठेवला, ईदला घातला आणि ईदगाहपर्यंत जाताना तळाचा भुगा झाला. चांगली चप्पल जपून ठेवायची नसते, वापरायची असते.

अभ्यास काय सांगतात

जाहिराती पायापासून मानेपर्यंत सगळं बरं करतात. संशोधन एवढं उदार नाही.

टाचदुखीसाठी बुटात घालायचे इनसोल घेऊन ऑस्ट्रेलियात झालेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. मापाने बनवलेले महाग इनसोल आणि दुकानात मिळणारे तयार इनसोल यांची त्यात तुलना झाली. सुरुवातीच्या महिन्यांत दोन्हींनी थोडा फायदा झाला, वर्षानंतर मात्र साध्या मऊ तुकड्याच्या तुलनेत फारसा फरक उरला नाही. आणि महागडा इनसोल तयार इनसोलपेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे कुणी पहिल्याच भेटीत हजारो रुपयांचा मशीनवर मोजलेला इनसोल गळ्यात मारत असेल, तर आधी साधा घेऊन बघा.

गुडघ्यांचं वेगळं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०२१ मध्ये गुडघ्याची झीज असलेल्या लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना सपाट, लवचिक बूट दिले, निम्म्यांना आधार देणारे भक्कम बूट. सहा महिन्यांनी चालताना होणारं दुखणं भक्कम बूटवाल्यांत जास्त कमी झालं होतं. अब्बांचे गुडघे कुरकुरत असतील तर ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कंबरदुखीबद्दल सगळ्यात जास्त दावे होतात आणि सगळ्यात कमी पुरावा आहे. बुटात इनसोल घातल्याने कंबरदुखी टळत नाही, असंच उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेत दिसलं. मग चप्पल आणि कंबरेचा संबंधच नाही का? आहे, पण आडवळणाचा. टाच दुखते म्हणून माणूस एका पायावर भार टाकून लंगडत चालतो, आणि मग कंबर धरते. टाच बरी झाली की अशी कंबर सुटते. उंच टाचांनी कंबर भरून येत असेल तर त्या सोडल्यावरही फरक पडतो. पण ओझं उचलण्याने, तासन्‌तास बसून राहण्याने किंवा मणक्याच्या त्रासाने दुखणारी कंबर चपलेने बरी होणार नाही. त्यासाठी चालणं, व्यायाम आणि डॉक्टर.

घरातली चप्पल वेगळी ठेवा

अम्मीला मी पहिली गोष्ट घेऊन दिली ती घरात घालायची एमसीआर चप्पल. आधी तिने नकारच दिला. "घरात चप्पल? नमाजची जागा आहे." मग ठरलं की ही चप्पल कधी दाराबाहेर जाणार नाही, संडास-बाथरूमला वेगळी, आणि मुसल्याच्या चटईपाशी ती काढून ठेवायची. स्वच्छ, सुकी, फक्त घरातली. आठवड्याभरात तिला ती अंगवळणी पडली, इतकी की आता कुणी दुसऱ्याने पायात घातली तर ओरडते. ज्या घरात हे पटणारच नाही तिथे ओट्यासमोर जाड रबरी मॅट टाका. माग चालवणाऱ्यालाही उभं राहण्याच्या जागी असा तुकडा टाकता येतो.

पलंगाच्या बाजूला चप्पल ठेवा, म्हणजे सकाळचं पहिलं पाऊल टाइलवर पडणार नाही. त्याही आधी, पाय खाली सोडण्यापूर्वी, पलंगावर बसल्या बसल्या एक व्यायाम आहे. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा, तळव्याचा पट्टा तणावलेला हाताला लागेल. दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या पोटरीच्या व्यायामापेक्षा याने जास्त फायदा झालेला दिसला. पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा लोक करत नाहीत.

नमाजमध्ये कअदा करताना उजवं पाऊल उभं ठेवून बोटं वाकवतो, तेव्हा हाच पट्टा ताणला जातो. दुखणं जोरात असताना तिथे कळ येते. मुसल्याखाली जाड सतरंजी किंवा पातळ फोम टाकला तर उभं राहणं आणि बसणं दोन्ही सोपं जातं. तरीही बसणं जमतच नसेल तर किती सवलत घ्यायची हे आपल्या आलिमांना विचारा, डॉक्टरांचं म्हणणं त्यांना सांगून. स्वतःच्या मनाने खुर्ची धरू नका आणि स्वतःच्या मनाने त्रासही सोसू नका.

साखर असेल तर हिशेब वेगळा

आतापर्यंतचं सगळं संवेदना शाबूत असलेल्या पायासाठी. मधुमेह जुना असेल तर पायाच्या नसा मरतात, आणि तेव्हा धोका दुखण्याचा नसून न दुखण्याचा असतो. चपलेतून खिळा घुसतो, कळत नाही. चप्पल पायातून निसटते आणि माणूस तसाच दहा पावलं पुढे जातो. अशा पायाला अंगठ्याच्या मधून जाणारा पट्टा नको, तिथेच जखम होते. पुढे रुंद, वरून पट्टे, मागे पट्टा, आत एमसीआर, अशी चप्पल. घरातही अनवाणी नाही, मशिदीच्या दारापासून हौदापर्यंतच्या तापलेल्या फरशीवर तर मुळीच नाही.

शेक, गरम पाण्यात पाय बुडवणं, गरम विटेवर रुईचं पान, हे सगळं मधुमेह्याला बंद. भाजलेलं कळत नाही आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, ओल राहिली की बुरशी धरते आणि फटीतून इन्फेक्शन आत शिरतं. पाच वेळा वुजू करणारा माणूस पाच वेळा आपले पाय बघू शकतो. एवढी चांगली संधी दुसऱ्या कुणाला नाही. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा नातवाला बघायला सांगा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून संवेदनेची तपासणी करून घ्या. तळव्याला नायलॉनचा एक बारीक धागा टेकवून ती करतात, दोन मिनिटांचं काम आहे.

हज-उमराहला जाणाऱ्यांनी

आपल्या बुजुर्गांचं आयुष्यातलं सगळ्यात जास्त चालणं बहुधा हजमध्ये होतं, तेही साठीनंतर, तेही सवय नसताना. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचंच अंतर तीन किलोमीटरच्या वर जातं. गर्दी म्हणून वरच्या मजल्यावर तवाफ केला तर तिथली फेरी खालच्यापेक्षा कितीतरी मोठी. मग मिना, अरफात, मुजदलिफा, जमरात. २०२४ च्या हजच्या दिवसांत मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला होता. मताफमधला ग्रीसहून आणलेला थासोस संगमरवर उन्हातही थंड राहतो, त्यामुळे तिथे अनवाणी चालता येतं. पण हरमच्या बाहेरचा रस्ता तसा नाही. दाराशी ठेवलेली चप्पल सापडली नाही म्हणून हॉटेलपर्यंत अनवाणी गेलेले आणि तळवे भाजून घेतलेले लोक दरवर्षी भेटतात. कापडी पिशवी इथेही सोबत ठेवा, आणि सामानात दुसरी चप्पल.

एहरामात पुरुषांच्या पायताणाला अटी आहेत, त्यामुळे 'भक्कम बूट घ्या' हा सल्ला तिथे चालत नाही. हनफी मसलकात पायाच्या वरच्या बाजूचं मधलं उंच हाड उघडं राहायला हवं. कोकणातल्या शाफई घरांत बोटं आणि टाच उघडी ठेवण्यावर भर असतो. म्हणून लोक सरसकट हवाई चप्पल घेतात. पण त्याच अटींत बसणारी, जाड एमसीआर किंवा ईव्हीए तळाची, टाचेखाली किंचित उंच आणि कमानीला आधार देणारी उघडी चप्पल मिळते. पट्टे कुठून गेलेले चालतात हे हज ट्रेनिंग कॅम्पमध्ये चप्पल सोबत नेऊन, आलिमांना दाखवूनच विचारा. तोंडी वर्णनाने घोळ होतो. औरतांना ही अट नाही. त्यांनी सरळ आपल्या मापाचे चालायचे बूट आणि सुती मोजे घ्यावेत. अम्मी लोक "बूट कसे दिसतील" म्हणून लाजतात, तेवढी समजूत मुलींनी काढायची.

नवी चप्पल किंवा बूट घेऊन थेट विमानात बसू नका. निघण्याआधी किमान सहा-आठ आठवडे घेतलेले हवेत आणि रोज घातलेले हवेत. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं चाला, मग दर आठवड्याला थोडं वाढवा, शेवटी तासभर सलग चालता आलं पाहिजे. याने चप्पलही रुळते आणि पोटऱ्याही. फोड येत असेल तर इथेच कळेल, तिथे नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं?

टाच रात्री झोपेतही दुखते, सुजली आहे, गरम लागते, तळव्याला मुंग्या किंवा बधीरपणा आहे, किंवा पडल्यानंतर टाच टेकवताच येत नाही, तर चप्पल बदलून थांबू नका. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना, रक्ताची गुठळी असू शकते. लांबच्या विमान प्रवासानंतर तर नक्कीच. थोडं चाललं की पोटरी आवळून येते आणि थांबलं की सुटते, आणि माणूस बिडी-सिगारेटवाला किंवा शुगरवाला आहे, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. पंचवीस-तिशीच्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर तासभर आखडलेली असते, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. कंबरदुखीसोबत पाय लुळे पडत असतील, लघवी अडत असेल किंवा बैठकीची जागा बधीर झाली असेल तर रात्र असो की पहाट, तातडीने हॉस्पिटल गाठा.

अम्मीची टाच चौथ्या-पाचव्या महिन्यात बरीच सुटली. चप्पल, मॅट, सकाळचा व्यायाम आणि चार किलो वजन, यातलं नेमकं कशाने किती, हे सांगता येणार नाही. पहिली एमसीआर वर्षभरात बसली. टाचेकडे अंगठ्याने दाबल्यावर रबर परत वर येईना, तेव्हा ती बदलली. जुनी तिने टाकू दिली नाही, गच्चीवर पापड घालायला जाताना तीच घालते.